कायमची नोकरी म्हणजे काय?

मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली म्हणजे महाड व पोलादपूर तालुक्यांतील घरोघरी एक प्रश्न उभा राहतो: आता कोणता उद्योग धरावा, की ज्याने जन्माच्या भाकरीची सोय होईल? अलीकडे पुष्कळांच्या तोंडी प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे नाव येते. डॉक्टरीइतका खर्च नाही, शिक्षण दोनतीन वर्षांचे, आणि दवाखाने तर सर्वत्र आहेत, असा आईबापांचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा, आणि मुळात स्थैर्याचा शोध करणे योग्य काय, ह्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

कोणी म्हणतील, स्थैर्याची इच्छा हे भित्र्या मनाचे लक्षण होय. आम्हांस तसे वाटत नाही. जुलै २०२१ मध्ये तळिये येथे दरड कोसळून वाडी गाडली गेली व महाड शहर पुरात बुडाले, हे ज्यांनी पाहिले, त्यांनी आपल्या लेकरासाठी महिन्याच्या महिन्यास येणारे वेतन इच्छिले, तर त्यांस लोभी कोण म्हणेल? उद्याची तजवीज करणे निराळे, आणि उद्याच्या काळजीने झुरणे निराळे. पहिले कर्तव्य आहे; दुसऱ्याने मात्र एक तासही आयुष्य वाढत नाही.

परंतु स्थैर्य कशात आहे, हे नीट ओळखले पाहिजे. आमच्या डोंगरपट्ट्यातील कितीएक माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरणीची नोकरी म्हणजे कायमची नोकरी, अशी तेव्हा समजूत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला; त्यात सुमारे अडीच लक्ष कामगार होते. पुढे कितीएक गिरण्या बंद पडल्या, आणि ज्यांचा सारा भरवसा गिरणीच्या दरवाजावर होता ते रिकाम्या हाताने गावी परतले. ह्यात त्यांचा दोष नव्हता. परंतु धनी देतो ते स्थैर्य धन्याच्या हाती असते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता तंत्रज्ञाच्या कामाकडे पाहू. त्याचे मुख्य दरवाजे तीन. सरकारी दवाखान्यात मान व निवृत्तीपर्यंतची शाश्वती आहे. परंतु कायम जागा थोड्या, उमेदवार फार, आणि पुष्कळ जागा कंत्राटी. खाजगी प्रयोगशाळेत काम लवकर मिळते, पण आरंभीचे वेतन बेताचेच असते. तिसरा दरवाजा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या व औषधांच्या कारखान्यांचा. तेथे मालाची प्रत तपासणारे लागतात. त्यांस रसायनशास्त्राची पदवी हवी, रक्त तपासण्याची पदविका तेथे फारशी उपयोगी पडत नाही. घराजवळ काम मिळते हा लाभ खरा. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच वसाहतीतील एका औषध कारखान्यात आग लागून ११ कामगार प्राणांस मुकले, हेही विसरू नये. कारखान्यात जाणाऱ्याने वेतनाबरोबर सुरक्षिततेचीही चौकशी करावी.

शिवाय यंत्रांचा प्रश्न आहे. रक्तातील पेशी आता यंत्र मोजते. मग मनुष्य कशास हवा? नमुना योग्य रीतीने घेणे, नळीवर योग्य नाव घालणे, ज्याचे मान आधीच ठाऊक आहे असा नमुना घालून यंत्र बरोबर चालते की नाही हे पाहणे, आणि शंका आल्यास काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून हिवतापाचे जंतू स्वतःच्या डोळ्यांनी शोधणे, ही कामे मनुष्याची आहेत. ज्यास केवळ कळ दाबता येते त्यास नवे यंत्र हाकलून देईल. ज्यास कळ का दाबावी हे समजते त्यास ते नवे काम देईल. प्रेषित पौलाच्या हाती तंबू करण्याचा धंदा होता. तो करिंथास गेला तेव्हा धंदाही त्याजबरोबर गेला. अंगी असलेली विद्या कोणी धनी काढून घेऊ शकत नाही.

तथापि विद्येहून एक गोष्ट मोठी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. लस मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली होती. म्हणून सारा ठपका तिचे प्रमुख हाफकिन ह्यांजवर आला. बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ह्या पुराव्याकडे पुढे लक्ष वेधले गेले, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. एका क्षणाचा हलगर्जीपणा. त्यात १९ जीव गेले आणि एका मनुष्याची पाच वर्षे कलंकात गेली.

तंत्रज्ञाचे काम असेच कोणाच्या दृष्टीस न पडणारे आहे. पावसाळ्यात चिखलात लावणी करून ताप आलेली बाई तपासणीस येते. काच न पाहताच कोणी ‘जंतू नाहीत’ असे लिहिले, तर तिला ते कसे कळणार? रक्तगट लिहिताना चूक झाली, तर रक्त घेणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. मोहही पुष्कळ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशाने मरणारी असंख्य माणसे वाचविली, त्यांस २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. कारण काय, तर त्यांनी रोगी तपासणीस पाठविला होता. तो न स्वीकारता त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असा पैसा अखेर रोग्याच्याच खिशातून जातो, हे तंत्रज्ञानेही जाणावे.

म्हणून निवड करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, संस्था मान्यताप्राप्त आहे काय? २०२१ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पदविकेस किमान दोन वर्षे व २,००० तास, आणि पदवीस किमान तीन वर्षे व ३,६०० तासांचे शिक्षण लागते. सहा महिन्यांत तंत्रज्ञ बनवितो म्हणणाऱ्यास शेत विकून पैसे देऊ नयेत. गावातील शिकलेल्या बंधूंनी अशा आईबापांबरोबर जाऊन चौकशी करावी. ही लहान सेवा नव्हे. दुसरी, मुलास किंवा मुलीस बारीक काम, एकच कृती शंभर वेळा तितक्याच काळजीने करण्याची आवड आहे काय? तिसरी, कोणी पाहत नसता खरे लिहिण्याचे मनोबल आहे काय?

पहिल्या दोहोंचे उत्तर होय असून तिसऱ्याचे नाही असेल, तर तो मार्ग सोडावा. दुसरे कष्टाचे धंदे आहेत, व तेही मानाचेच. आणि तिन्हींचे उत्तर होय असेल, तर निर्भयपणे त्या मार्गाने जावे. नोकरी सुटेल, यंत्र बदलेल, गावही सोडावे लागेल. परंतु ह्याने लिहिलेला अहवाल खरा असतो, ही ख्याती ज्याने मिळविली, त्यास कायमची नोकरी मिळाली असे आम्ही समजतो.