कळपामागे चालणारा पाळक

रॉबर्ट ग्रेट्झ हे लुथरन पाळक १९५५ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमरी शहरात आले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. जन्म वेस्ट व्हर्जिनियातला, घराणे जर्मन वंशाचे, शिक्षण ओहायोतल्या कोलंबस इथे झालेले. ट्रिनिटी लुथरन चर्चची त्यांच्याकडे सोपवलेली मंडळी कृष्णवर्णीय होती आणि पाळक गोरा. शहरात काही गडबड करायची नाही, असे चर्चच्या वरिष्ठांनी त्यांना आधीच बजावले होते. ग्रेट्झ यांनी तसा शब्दही दिला होता.

तो शब्द त्यांनी मोडला असे म्हणता येत नाही, कारण सुरुवात त्यांनी केलीच नाही. एका कृष्णवर्णीय प्रवाशाला बसमध्ये अटक झाल्याची कुणकुण लागली, तेव्हा अधिक माहितीसाठी त्यांनी शेजारी राहणाऱ्या रोझा पार्क्स यांना फोन केला. अटक झालेली व्यक्ती आपणच, असे उत्तर त्यांना मिळाले. पार्क्स यांच्या युवक परिषदेच्या बैठका ग्रेट्झ यांच्याच चर्चमध्ये होत असत. ४ डिसेंबर १९५५ च्या रविवारी ग्रेट्झ यांनी व्यासपीठावरून मंडळीला वर्णभेदाच्या निषेधार्थ बसवर बहिष्कार घालायला सांगितले आणि लोकांना पोहोचवण्यासाठी स्वतःची गाडी देऊ केली. पुढे कित्येक सकाळी ते लोकांना कामावर सोडत फिरत होते.

इथे लुथरन परंपरेतली एक अडचण लक्षात घ्यावी लागते. देव आत्म्यावर शुभवर्तमानाने राज्य करतो आणि जगावर कायदा व तलवार यांच्या द्वारे, असे मार्टिन लुथर यांनी सोळाव्या शतकात मांडले. सत्ता आणि धर्म यांनी एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा विचार. पण पुढे अनेकांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला: अन्याय राज्याचा असेल तर पाळकाने गप्प बसावे. हिटलरच्या जर्मनीत हा अर्थ फार महागात पडला. ग्रेट्झ यांनी या सिद्धान्ताचे खंडन करायला घेतले नाही. आपली माणसे पायी चालत असताना त्यांचा पाळक कुठे असावा, एवढाच साधा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘पाळक’ म्हणतात तो सहसा कळपाच्या पुढे चालतो असे आपण धरून चालतो. इथे कळपाने वाट काढली आणि पाळक मागून गेला. नेतृत्व कृष्णवर्णीयांचे होते आणि ते तसेच राहिले. गोऱ्या सहानुभूतीदाराला हे पथ्य पाळणे बहुधा धमक्या सोसण्याइतकेच कठीण जात असावे.

धमक्यांना तर तोटा नव्हता. गाडीचे टायर कापले गेले, पेट्रोलच्या टाकीत साखर ओतली गेली. बहिष्काराला उघड पाठिंबा देणारे शहरातले ते एकमेव गोरे पाळक होते, त्यामुळे गोऱ्यांच्या नजरेत ते फितूर ठरले. २५ ऑगस्ट १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. कुटुंब त्या वेळी टेनेसीतल्या हायलँडर शाळेत गेले होते. हा प्रसिद्धीसाठी केलेला बनाव असावा, अशी शंका महापौर डब्ल्यू. ए. गेल यांनी जाहीरपणे घेतली.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधले वर्णाधारित विलगीकरण घटनाबाह्य असल्याचा निर्णय कायम केला. दुसऱ्या दिवशी बहिष्कारात सामील लोकांच्या सभेत ग्रेट्झ यांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. बाळपणाच्या गोष्टी मागे टाकण्याबद्दलच्या वचनापर्यंत ते आले आणि लोकांनी जल्लोष केला. वाचन अजून पुरे झाले नव्हते, पण आपण आता लहान राहिलो नाही, हे त्या समुदायाला आधीच कळले होते. बहिष्काराचे नेते मार्टिन लुथर किंग यांनी आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबरात संपला.

हिंसा मात्र संपली नाही. १० जानेवारी १९५७ च्या रात्री अनेक चर्च आणि बहिष्काराचे आणखी एक नेते राल्फ अ‍ॅबरनथी यांच्या घरासोबत ग्रेट्झ यांच्या घरावरही पुन्हा हल्ला झाला. तिथे टाकलेला एक मोठा बॉम्ब फुटलाच नाही, म्हणून मुलांसह सारे वाचले. या स्फोटांच्या खटल्यात दोन आरोपींचे सही केलेले कबुलीजबाब समोर असतानाही फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयीन लढाई जिंकल्यावरही कायद्याचे रक्षण कोणाला मिळते, हा प्रश्न या निकालाने उघडाच ठेवला.

१९५८ साली ग्रेट्झ कोलंबसला परतले आणि तिथे पाळक म्हणून काम करू लागले. पत्नी जीन यांचा उल्लेख बहुतेक लेखांत ओघाने येतो, हे अन्यायाचे आहे. घरात लहान मुले आणि दारात बॉम्ब असताना तिथेच राहायचे हा निर्णय दोघांचा होता. २००७ साली दोघे माँटगोमरीला परत आले. ग्रेट्झ २० सप्टेंबर २०२० रोजी ९२ व्या वर्षी वारले आणि जीन त्याच वर्षीच्या डिसेंबरात.