फुकट केलेल्या कामाचे मोल

रविवारची मिस्सा आटोपल्यावर लातूरच्या एका पालकांनी आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. रात्रीचे जेवण झाले की तो संगणकापुढे बसतो आणि कधीही न भेटलेल्या, दूरदेशीच्या मंडळींबरोबर एक सॉफ्टवेअर सुधारण्याचे काम करतो. त्याला पगार नाही, प्रमाणपत्र नाही, परीक्षेत गुण नाहीत. "ह्याला सेवा म्हणावे की खूळ म्हणावे, तुम्हीच सांगा," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. ज्या गावाने गुणवत्तायादीच्या बळावर 'लातूर पॅटर्न' हे नाव मिळवले, तेथे पोराच्या तासातासाचा हिशेब विचारणारा बाप चुकतो, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यांच्या प्रश्नामागे त्याहून मोठा प्रश्न उभा आहे. ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, त्या कामाला मोल असते काय?

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या कृतीचा मूळ मजकूर कुलपात ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ह्याविरुद्ध भूमिका घेतली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून पाहण्याचे, सुधारण्याचे आणि शेजाऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य असावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. पुढे त्यास स्टॉलमन यांचा परवाना लागू झाला. त्या परवान्याची अट मोठी अर्थपूर्ण आहे. सुधारलेली कृती जो दुसऱ्यास देईल, त्याने स्वतःस मिळालेले स्वातंत्र्यही त्यासोबत द्यावे. घेतलेले दान अडवून ठेवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मराठवाड्याला ही कल्पना परकी वाटू नये. एखाद्या शेतकऱ्याचे काम अडले, की गावातील शेजारी आपापली बैलजोडी घेऊन येत आणि एका दिवसात त्याचे रान नांगरून देत. ह्यालाच इर्जिक म्हणत. मजुरी नसे, केवळ जेवण असे. मात्र इर्जिक ओळखीच्या माणसांत चालते. आज तुझे रान, उद्या माझे. लातूरचा तो मुलगा ज्यांच्यासाठी राबतो, ते त्याला ओळखत नाहीत आणि कदाचित कधी ओळखणारही नाहीत. येथे परतफेडीची आशा उरत नाही, आणि येथूनच दानाचा प्रांत सुरू होतो.

अनोळखी माणसाचे दान म्हणजे काय, हे आपल्या भागाने अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर ढिगारे उपसायला जे हात आले, त्यांना गाव नव्हते, जात नव्हती, धर्म नव्हता. पुढे डिसेंबर २००४ मध्ये सुनामीने श्रीलंकेचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा तेथील संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांनी 'सहाना' नावाची प्रणाली रचली. बेपत्ता माणसांची नोंद, छावण्यांची यादी, मदतसाहित्याचा हिशेब ही कामे तीत होऊ लागली. ती मुक्त असल्यामुळे २००५ मध्ये पाकिस्तानच्या आणि २०१० मध्ये हैतीच्या भूकंपग्रस्तांच्याही कामी आली. ढिगारा उपसणारा हात आणि ही नोंदवही लिहिणारा हात, ह्यांत आम्हाला तरी भेद दिसत नाही.

आपल्या भाषेपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमन अक्षरांत; कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. मराठीवर त्यांनी जीव ओवाळून टाकला, परंतु तिचे अक्षर त्यांना छापून मिळाले नाही. आज फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतात. त्यासाठी कोणी पगारी काम केले, तर कोणी निव्वळ आवडीने एकेक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधला. अशा कामाला नवख्याने सुरुवात करावी ती लहान कामापासून: भाषांतर तपासावे, चूक आढळली तर नीट कळवावी, वापराची माहिती सोप्या भाषेत लिहावी. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात सेवेकरी भाविकांचे जोडे सांभाळतात, लंगरची भांडी घासतात. सेवेची पहिली पायरी नेहमी खालचीच असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा, की ह्या फुकट श्रमावर धनाढ्य कंपन्या गब्बर होतात. हा आक्षेप खरा आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या 'कारितास इन वेरिताते' ह्या विश्वपत्रात अर्थव्यवहारात निरपेक्ष देण्याला स्थान असावे असे सांगितले, आणि ज्ञानावरील हक्काचा अतिरेकी आग्रह धरणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांना दोषही दिला. परंतु देणाऱ्याचे औदार्य घेणाऱ्याला कर्तव्यातून मोकळे करीत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेली एक घटना विचार करण्याजोगी आहे. जगभरच्या लिनक्स संगणकांवर असलेले 'एक्सझेड' नावाचे छोटे सॉफ्टवेअर एक गृहस्थ वर्षानुवर्षे, बहुतांशी एकट्याने आणि विनावेतन सांभाळत होते. ते थकले होते आणि तसे त्यांनी सांगितलेही होते. त्यांना धीर देण्याऐवजी काहींनी घाईचा तगादा लावला. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अनोळखी नावाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि शेवटी त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या संगणकाच्या कामात अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून अनर्थ टळला. चोराने दाराची कडी काढली ती एका माणसाच्या थकव्याचा फायदा घेऊन. दान घेणाऱ्यांनी दात्याची वास्तपुस्त न करणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणू.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण. आणि ह्या कामात तर प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचे नाव कायमचे नोंदले जाते. मग हे दान की मिरवणे? आम्हाला वाटते, नाव दोन कारणांसाठी लिहिले जाते. एक वाहवा मिळावी म्हणून, दुसरे चूक झाल्यास जबाब देता यावा म्हणून. वरील घटनेतील अपराधी मुखवट्याआड राहिला. जबाबदार सेवकाला मुखवटा चालत नाही. नोंद तीच, हेतू निराळा. आणि हेतू परमेश्वर जाणतो.

तेव्हा त्या पालकांना आमचे उत्तर असे. आपल्या मुलाचे काम खूळ नव्हे. मात्र सेवेलाही मर्यादा हवी. घरचे कर्तव्य, अभ्यास आणि झोप विकून केलेले दान फार काळ टिकत नाही. 'एक्सझेड'च्या त्या गृहस्थांचा थकवा तेच सांगतो. एखाद्या रात्री आपण त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि "काय मिळते?" ह्याऐवजी "हे कुणाच्या उपयोगी पडते?" असे विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर आपली काळजी पुष्कळ कमी होईल. देता आले नाही, तर ते त्यानेही शोधावयास हवे.