परवाना आणि भरवसा

शस्त्र परवान्याचा अर्ज आला की आपल्याकडे पहिला प्रश्न गरजेचा असतो. जिवाला धोका आहे का? धंदा जोखमीचा आहे का? 2016 च्या शस्त्र नियमांनीही स्वसंरक्षणासाठी परवाना देताना अशीच गरज पाहायला सांगितले आहे. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. धोक्यात असलेला माणूस संयमी असतोच असे नाही. उलट ज्याची वैरे जास्त, त्याची गरज मोठी ठरते आणि भांडखोरालाच झुकते माप मिळते. म्हणून आधी वर्तन पाहावे, मग गरज. आणि वर्तनही एकदाच नव्हे, परवाना हातात असेपर्यंत पाहत राहावे.

यावर पहिला आक्षेप इतिहासातून येतो. नागरिकावर अविश्वास दाखवणे ही परक्या राजवटीची खोड, असे म्हटले जाते. व्हाइसरॉय लिटनच्या काळातील 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळे ठेवले, हे खरे आहे. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. पण त्या कायद्याचा अन्याय परवाना मागण्यात नव्हता. भरवसा कातडीच्या रंगावरून ठरवण्यात होता. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने हे ओळखले. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जन्म आणि पैसा या कसोट्या बाद झाल्यावर न्याय्य कसोटी उरते ती वागणुकीचीच.

ही कसोटी आज अर्धवट लावली जाते. हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे कायदा अपात्र ठरवतो; पण घरात हात उगारणाऱ्या कितीतरी माणसांची तक्रारच होत नाही, मग शिक्षा कुठून होणार? शिवाय 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे चांगले झाले. मात्र परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. पाच वर्षांत माणूस व्यसनात, कर्जात किंवा सुडाच्या भावनेत बुडू शकतो. भरवसा कायमचा नसतो हे शासनालाही ठाऊक आहे; एरवी निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा का करून घेतली असती? आणि परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा असेही घडते. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असल्याचे तपासात पुढे आले. म्हणजे शस्त्र कुठे, कसे आणि कोणाच्या आवाक्यात ठेवले जाते, हाही वर्तनाचाच भाग झाला.

उपाय अवघड नाही. कॅनडात परवाना मागणाऱ्याला सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतील जोडीदाराची माहिती द्यावी लागते, आणि त्या जोडीदाराला आपली भीती कळवता येते. आपल्याकडेही पोलिसांच्या नोंदींबरोबर घरच्यांना एकांतात विचारावे आणि दरवर्षी थोडक्यात फेरतपासणी व्हावी. कोणी वैरापोटी खोटे सांगेल, ही शंका योग्य आहे. म्हणून तक्रारीने फक्त चौकशी सुरू व्हावी, निकाल लेखी कारणांसह द्यावा आणि अपिलाची वाट खुली असावी. गुन्हेगार गावठी कट्टा वापरतात, मग परवानाधारकालाच त्रास का, असेही विचारले जाते. कट्टा पकडणे हे पोलिसांचे काम आहेच. पण कट्ट्याला शासनाची मान्यता नसते, परवान्याला असते. ती सही जनतेच्या वतीने होते, म्हणून तिची जबाबदारीही सही करणाऱ्यावर राहिली पाहिजे. ज्याच्या रागाची त्याच्या घरच्यांनाच धास्ती वाटते, त्याची गरज कितीही मोठी असली तरी त्याला परवाना देऊ नये.