प्रतिस्पर्ध्याचे गुण

जयपूरला आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर बुद्धिबळ स्पर्धा भरतात. देशोदेशीचे खेळाडू येतात. आपल्याकडची मुलंही जातात, कुणाबरोबर आई, कुणाबरोबर बाबा. सभागृहात ओळीने पट मांडलेले असतात, आणि आवाज काय तो घड्याळाची कळ दाबल्याचा.

डाव संपला की दोघे हात मिळवतात, निकालाच्या कागदावर सह्या करतात. वरच्या पटांवर आणखी एक रीत असते. दोन्ही राजे पटाच्या मध्यावर आणून ठेवायचे. पांढरा जिंकला तर दोघेही पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या. बरोबरी झाली तर एक पांढऱ्या घरात, एक काळ्या. तीन-चार तास ज्या राजांनी एकमेकांपासून जीव राखला, ते शेवटी शेजारी-शेजारी उभे असतात. बघणाऱ्याला निकाल लांबूनच कळतो.

अशा खुल्या स्पर्धा स्विस लीग पद्धतीने खेळतात. दोनशे खेळाडूंनी प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर १९९ फेऱ्या लागतील. बाद पद्धतीत निम्मे लोक पहिल्याच दिवशी घरी. स्विस पद्धतीत हरलं म्हणून कुणी घरी जात नाही. पुढच्या फेरीत ज्याचे गुण तुमच्याइतके, तो तुमच्यासमोर. हरलेल्याला हरलेला भेटतो, जिंकलेल्याला जिंकलेला. ९-१० फेऱ्यांत चित्र बरंचसं स्पष्ट होतं.

बरंचसं, पूर्ण नाही. स्पर्धा चुरशीची झाली की वरच्या तिघाचौघांचे गुण सारखेच भरतात. करंडक मात्र एकच असतो. मग क्रमवारी लावायला टायब्रेक येतो, आणि त्यात बहुतेक वेळा ‘बुखोल्झ’ पाहतात. या पद्धतीत तुमचे स्वतःचे गुण बाजूला ठेवतात आणि तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्यांनी पूर्ण स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज मोठी, तो वर. अनेकदा त्या बेरजेतून सगळ्यांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळतात. पहिल्या फेरीत कोण वाट्याला यावं, हे काही आपल्या हातात नसतं.

यातून एक गमतीची गोष्ट होते. शेवटच्या दिवशी आपला डाव आटोपलेला खेळाडू बाहेर जाऊन चहा पीत नाही. तो खालच्या पटांकडे जातो. तिसऱ्या फेरीत आपण ज्याला हरवलं, तो तिथे हत्तीच्या अंतिम डावात अडकलेला असतो. त्याच्या मागे हा उभा राहतो. प्यादं पुढे सरकावं, अर्धा गुण तरी त्याच्या पदरात पडावा, असं याला मनापासून वाटत असतं. त्यात स्वार्थ आहे, हे खरंच. पण ज्याचं आपण त्या दिवशी वाईट चिंतलं, त्याचं भलं चिंतायला लावणारा स्वार्थ मी तरी फार ठिकाणी पाहिलेला नाही.

हा नियम मला पूर्ण न्याय्य वाटत नाही. वर्षभर कष्ट केलेल्या मुलाचा पहिला क्रमांक दुसऱ्या कुणाच्या थकव्यामुळे जावा, हे पटत नाही. पटावर सोक्षमोक्ष लावणं केव्हाही चांगलं. २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले; मग जलद डाव झाले आणि दिव्या जिंकली. पण तिथे दोघीच होत्या. जयपूरसारख्या खुल्या स्पर्धेत सगळ्यांनाच रात्रीची गाडी पकडायची असते. तिथे बेरीजच बरी. न्याय्य नसला तरी नियम शहाणा आहे.

नाशिकच्या विदित गुजराथीला २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विस स्पर्धेत या बेरजेची गरज पडली नाही. पहिल्याच फेरीत तो एर्विन लामीकडून हरला होता. उरलेल्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण मिळवले आणि हिकारू नाकामुराच्या अर्धा गुण पुढे राहून स्पर्धा जिंकली. बाद पद्धत असती तर तो पहिल्याच दिवशी सामान बांधून निघाला असता.

म्हणून स्पर्धेला मुलं घेऊन जाणाऱ्या आईबाबांना एक विनंती. दोन डाव हरल्यावर मूल रडवेलं होऊन बाहेर येईल, ‘घरी जाऊ या’ म्हणेल. त्याला काहीतरी खाऊ घाला, थोडं झोपू द्या, आणि पुढच्या फेरीला पुन्हा पटावर बसवा. त्याला हरवणारी दोन मुलं आत त्याचा निकाल बघत असतील.