वॉर्ड ऑफिसातला वेदान्त

कंडक्टर गेला, बसथांब्याजवळच्या भिंतीवर रंगवलेला. फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील, तेव्हा हकिगत सांगत बसत नाही. तो पुसला गेला याचा राग आलाच, पण त्यावर वॉर्ड ऑफिसचा जो खुलासा आला त्याने माझा सकाळचा चहा गार झाला. परवानगीची मुदत संपली होती, भिंत महापालिकेचीच आहे, सुशोभीकरण एकसारखं हवं, हे नेहमीचं सगळं त्यात होतं. त्याला उत्तर देण्यात शाई घालवायची माझी इच्छा नाही. पण शेवटी आणखी एक कारण जोडलं होतं. रस्त्यावरची कला मुळात तात्पुरतीच असते, ती कधी ना कधी जाणारच, अशा अर्थाचं.

वा! जन्ममृत्यूच्या दाखल्यासाठी जिथे तीन खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात, तिथे जन्ममृत्यूवरचं चिंतन मात्र हे असं मागणी नसताना, फुकट.

मला तर हा सिद्धान्त इतका आवडला की तो जरा पुढे नेऊन बघावासा वाटला. वाढदिवस एका दिवसाचा, पण ‘हार्दिक शुभेच्छां’चा फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाला भेटूनच उतरतो. त्यातले हात जोडलेले चेहरे उन्हाने निळे पडतात, कोपरे फाटून फडफडतात, पण तिथे कुणाला अनित्यता आठवत नाही. मालमत्ता विद्रूपीकरणाला आळा घालणारा १९९५चा कायदा आपल्या राज्यात आहे, तोही आठवत नाही. मुतारीचं उद्घाटन असलं तरी कोनशिला संगमरवराची, अक्षरं सोनेरी आणि नावं इतकी, की वाचून होईपर्यंत माणसाने आत जायचं विसरावं. पुढे कडी तुटते, दार जातं, पाणी तर पहिल्याच महिन्यात जातं. कोनशिला अमर. ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ या पाटीची अक्षरं गंजून गेली तरी खड्डा जागचा हलत नाही. मंडपाच्या बांबूंनी डांबराला पाडलेली भोकं पुढच्या भाद्रपदापर्यंत सुखरूप असतात. या एवढ्या चिरंजीवांच्या मेळाव्यात नश्वर कोण ठरला? कॉलेजच्या पोरांनी परांचीवर चढून रंगवलेला एक बस कंडक्टर.

यंदा घरपट्टीच्या बिलाखाली मीही लिहून पाठवणार आहे, की पैसा ही मुळात येणारी-जाणारी गोष्ट, तिची एवढी आसक्ती बरी नव्हे. बघू, कोणती खिडकी हे अध्यात्म स्वीकारते. थकबाकीवर दंड लावताना त्यांना काळाचं भान किती नेमकं असतं, हे आपण सगळे जाणतो.

शिवाय घाई बघा. नश्वरच आहे ना? मग जाऊ द्या की त्याचं त्याला. मुंबईचा पावसाळा हे काम दरवर्षी चोख करतो, तेही बिनपगारी. भिंत ओल धरते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. चार-सहा पावसाळ्यांत कंडक्टर आपणहून निवृत्त झाला असता. त्यासाठी मजूर, शिड्या, रंगाचे डबे आणि त्याची टक्केवारी, एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती. की टक्केवारी तेवढी शाश्वत?

गोची अशी की मूळ विधान खोटं नाही. रस्त्यावर चित्रं काढणारे स्वतःच हे सांगतात. २०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प भरवला होता. तेव्हा जेआर या फ्रेंच कलावंताच्या ‘इन्साइड आउट’ उपक्रमातून तिथल्या कोळणींचे आणि कामगारांचे चेहरे कागदावर मोठाले छापून भिंतींवर डकवले होते. १८७५ सालची गोदी, खारा वारा, पायाखाली मासळीचं पाणी. तिथे कागद किती टिकणार, हे डकवणाऱ्यांना ठाऊक होतंच. वारल्यांचा लग्नचौकही असाच. सवाष्णींनी तो तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लिहायचा, मधे पालघट देवी बसवायची, लग्न लागलं की त्याचं काम झालं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नाने आणि जिव्या सोमा मशे यांच्या हाताने ती कला कागदावर उतरली, म्हणून आज दिवाणखान्यांत दिसते. तोवर ती काचेत जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पण ही सगळी माणसं स्वतःच्या कामाबद्दल बोलत होती. आपण गणपती पाण्यात सोडतो तो कसा? उत्तरपूजा करून, अक्षता टाकून, मूर्ती जागची जराशी हलवून, हातावर दही घालून, पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन. आणि ज्याचा त्यानेच. शेजाऱ्याकडे तिसऱ्याच दिवशी जाऊन ‘नाहीतरी बुडवायचाच आहे’ म्हणत त्याचा गणपती उचलून चालू लागलात, तर शेजारी तुमच्याशी तत्त्वचर्चा करत बसणार नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये हाच वाद कोर्टापर्यंत गेला होता. ‘५ पॉइंट्झ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्याच संमतीने वर्षानुवर्षं रंगवल्या जात होत्या. इमारत पाडून तिथे टॉवर उभे राहायचे आहेत, हेही चित्रकारांना माहीत होतं. तरी २०१३च्या नोव्हेंबरात मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला. २०१८ साली न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २१ कलावंतांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायला लावले. त्या निकालातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पाडकामाची परवानगी हातात येईपर्यंत, म्हणजे दहाएक महिने, मालकाने दम धरला असता तर त्याच्यावर ही वेळ आली नसती, असं न्यायाधीशांनी म्हटलं. इमारत पाडायला कुणाची ना नव्हतीच. कायद्याप्रमाणे ९० दिवसांची सूचना द्यायची, चित्रकाराला आपलं काम काढून न्यायची किंवा निदान निरोप घ्यायची सवड द्यायची, ते केलं नाही, ही खरी तक्रार. २०२० साली अपील कोर्टाने निकाल कायम ठेवला. चित्रं तात्पुरती होती म्हणून त्यांना संरक्षण नाही, हा युक्तिवाद तिथे झाला होता आणि तो टिकला नाही. आमच्या वॉर्डाने तेव्हा आपला एखादा वेदान्ती पाठवायला हवा होता.

परदेशाचं इथे नको म्हणाल, तर दिल्लीत चला. विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प होतं, १४० फूट लांब, ४० फूट उंच, सरकारनेच करवून घेतलेलं. १९७९ मध्ये सरकारनेच ते उतरवलं आणि तुकडे गोदामात टाकले. सेहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई दिली आणि शिल्पाचं जे काही उरलं होतं ते त्यांच्या हवाली करायला सांगितलं. भिंत कुणाचीही असो, कलाकृतीची नासधूस झाली तर तिच्या कर्त्याला दाद मागता येते. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ त्यासाठीच आहे. बाकी हे शिल्प ब्राँझचं होतं. ऊन, पाऊस, कशाची भीती नसलेलं. तेही गेलंच की.

आता तुमच्याकडे वळते, सुटका नाही. मोबाइलवर रडके चेहरे पाठवणाऱ्यांतल्या कितीजणांनी त्या कंडक्टरकडे नीट पाहिलं होतं? तिकिटांचा पत्र्याचा डबा जुन्या धर्तीचा होता. उजव्या हातात चिमटा, आणि डावा हात तिकीट पुढे करून बसथांब्याकडे. रांगेतला पहिला माणूस बरोबर त्या हातासमोर यायचा. थांब्याची जागा कुणीतरी मापून घेतली होती, त्याशिवाय हे जमत नाही. कामाला निघालेल्या बायका-माणसांना रोज सकाळी कुणीतरी न मागता तिकीट देत होतं, आणि रांग मान खाली घालून रील बघत होती.

भिंतीवरचं चित्र समोरच्या फुटपाथवरून बघावं, हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढला की त्यात चित्राची चप्पल येते आणि तुमचे दात. आणि कृपा करून, ते पंख! गल्लोगल्लीच्या कॅफेबाहेर दोन पंख रंगवलेले, मधे जागा रिकामी, तिथे आपण उभं राहायचं आणि देवदूत व्हायचं. ज्या चित्रात माझ्याशिवाय काहीच नाही, ते बघायला घराबाहेर कशाला पडायचं? आरसा आहे की घरात.

बघून झालं की कोपऱ्यात सही शोधा. ती सहजी सापडणार नाही. सापडते ती रंगाच्या कंपनीची खूण, हातभर मोठी. चित्रकाराचं नाव खाली, जिथे स्कूटर लावतात तिथे. वांद्रे रिक्लेमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले गेले. सी लिंककडे जाता-येता अख्ख्या मुंबईने ते पाहिले, पण रणजित दहिया हे नाव कितीजणांच्या तोंडी आहे? हरियाणातल्या खेड्यात घरांना चुना लावण्यापासून या माणसाने सुरुवात केली आणि तो फाळक्यांपर्यंत पोचला. आमच्या वॉर्डात प्रवास उलट्या दिशेने चालतो. नावं जपणारेही होते, ‘स्टार्ट’च्या संस्थापकांपैकी एक हनीफ कुरेशी. २०२४च्या सप्टेंबरात ते गेले. फ्लेक्सने ज्यांच्या पोटावर पाय दिला त्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं त्यांनी संगणकावर उतरवून ठेवली आणि एकेका वळणाला त्या त्या पेंटरचं नाव दिलं. चित्र कौतुकाने बघणं म्हणजे काय, हे मला यातून जितकं समजलं तितकं ‘मस्तच’ म्हणणाऱ्या हजार अंगठ्यांतून समजलं नाही.

आता तुमच्या ओठावरचा प्रश्न मला दिसतोय. मग सगळ्याच भिंती जपायच्या का? तत्त्व सांगितलं की ते सगळीकडे लावावं लागतं, ही तत्त्वाची जुनीच खोड. परवानगीने काढलेलं चित्र पुसण्याआधी काढणाऱ्याला विचारा, निदान कळवा, महिनाभर आधी तिथे एक पाटी लावा, म्हणजे लोक येऊन बघून तरी जातील. इतपत मी ठामपणे म्हणू शकते. पुढे माझा पाय घसरतो. ठेकेदाराने साचा धरून उड्डाणपुलाच्या खांबाखांबावर मारलेली वारली माणसं उद्या कुणी पुसली, तर मी निषेधाच्या पत्रावर सही करणार नाही. ती माणसं तारप्याभोवती नाचत नाहीत, रांगेत उभी असल्यासारखी दिसतात. आणि तो महापालिकेचा पिस्ता रंग! शाळेला पिस्ता, दवाखान्याला पिस्ता, स्मशानाच्या कुंपणालाही पिस्ताच. कंडक्टरवर तोच फासलाय. हा रंग एकदा घाऊक भावात घेतला गेला असावा आणि अजून संपत नसावा.

राहता राहिले रात्री डबा घेऊन फिरणारे आणि दुकानांच्या शटरवर वेडीवाकडी नावं फवारणारे. त्यातही कला असते असं माझी भाची सांगते, आणि ती शिकलेली आहे. मी समोरच्या फुटपाथवरून बघितलं, मान तिरकी करून बघितलं, मला काही दिसलं नाही. पण ज्याने ते फवारलं त्याने निदान पहाटे तीनपर्यंत जागून, पोलिसांची भीती पोटात धरून, स्वतःच्या खर्चाने फवारलं. शटरच्या मालकाने रविवारी सकाळी ते खरवडून काढलं, तर मी त्याला आडवी जाणार नाही. शटर त्याचं, रविवार त्याचा. त्याने फवारणाऱ्याला आधी ९० दिवसांची सूचना द्यावी असं म्हणणं मला शोभेल, पण सूचना पाठवायची कुठे? पत्ता लिहिण्याइतकं अक्षर त्या पोराचं बरं नाही.