नाण्यावरचा मठ

संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकाही सभासद-राष्ट्राने ज्याचे अस्तित्व मान्य केले नाही, अशा राज्याने आपल्या नावाचे स्मारक-नाणे पाडावे आणि त्यावर एखाद्या प्राचीन आर्मेनियन मठाची आकृती उठवावी, यात राजकारणाइतकाच धर्मविचाराचाही प्रश्न गुंतलेला आहे. नागोर्नो-काराबाखचे, म्हणजे तेथील आर्मेनियन लोकांच्या आर्त्साखचे, हे राज्य 1991 साली सोव्हिएत संघ मोडकळीस येत असताना जाहीर झाले. 2004 साली त्याने आपली नाणी काढली खरी. परंतु बाजारातील देवघेव आर्मेनियाच्या द्रामांवरच चालत राहिली, आणि ही नाणी मुख्यतः संग्राहकांच्या हाती गेली. जे चलन चालवायचेच नव्हते, ते पाडण्याचा हेतू एकच असू शकतो: आपण आहोत, असे धातूकडून वदवून घेणे.

करासंबंधी पेचात पकडू पाहणाऱ्यांकडून येशूने नाणे मागून घेतले व त्यावरचा मुखवटा कोणाचा, असे विचारले, हा शुभवर्तमानातील प्रसंग सर्वश्रुत आहे. तेथे नाण्यावर केवळ कैसर होता, म्हणूनच ईश्वराचे देणे त्यापासून वेगळे काढता आले. येथे कैसराची सनद कोणालाच मान्य नाही, तेव्हा त्याने ईश्वरालाच जामीन उभे केले आहे. (आमच्याकडे याच्या नेमके उलट घडले होते: अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे; मुलूख एकाचा व नाव दुसऱ्याचे, तरी रुपया बिनतक्रार चाले.)

पण हा जामीन त्या राज्याने मागावा का? काराबाखच्या डोंगरातील गान्झासारचा मठ पाहिला तर शंका वाटू लागते. खाचेनचा राजा हसन जलाल याने 1216 साली तेथील मुख्य मंदिराचे काम आरंभिले, 1238 साली ते पुरे झाले आणि 1240 साली त्याचे पवित्रीकरण झाले. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक तेथे पुरले आहे, अशी श्रद्धा आहे. हा हसन जलाल तरी सार्वभौम कोठे होता? मंगोलांचे मांडलिकत्व पत्करूनही 1261 साली त्यांच्याच हातून तो मारला गेला. त्यानंतर इराणी, रशियन आणि सोव्हिएत अंमल आले, मध्यंतरी मठाची दारेही बंद झाली. ज्या वास्तूने इतक्या राजवटी पाहिल्या, तिला एका राजवटीची साक्षीदार करणे मला तिच्या पावित्र्याचा संकोच केल्यासारखे वाटते. अर्थात, चहूंकडून कोंडल्या गेलेल्या लोकांना दुसरे कोणते चिन्ह उचलता आले असते, हेही सांगणे कठीण आहे.

2023च्या सप्टेंबरात अझरबैजानच्या चढाईनंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत मुलूख सोडून गेले, आणि 1 जानेवारी 2024 रोजी ते राज्य फर्मानाने विसर्जित झाले. अझरबैजानच्या दफ्तरी तर हे मठ आर्मेनियन नव्हेतच, प्राचीन काकेशसच्या अल्बानियन लोकांचे आहेत. गान्झासारच्या भिंतींवरचे आर्मेनियन शिलालेख मात्र अद्याप निराळेच सांगतात. मग भक्तांविना उरलेल्या वेदीचे पावित्र्य कशात आहे? आर्मेनियन धर्मपीठाच्या परंपरेत वेदी ‘मुरोन’ नावाच्या पवित्र तैलाने अभिषिक्त होते, आणि एकदा झालेला तो अभिषेक राजसत्ता बदलल्याने पुसला जात नाही. एच्मियादझिन या धर्मपीठाच्या मुख्य स्थानी साधारणतः दर सात वर्षांनी नवे मुरोन सिद्ध करतात, तेव्हा त्यात जुन्यातला अंश मिसळतात, म्हणजे श्रद्धेच्या दृष्टीने ते तैल अखंड एकच असते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या कपाळी लावतात तेही हेच. येरेवानमध्ये आश्रय घेतलेल्या काराबाखी कुटुंबांतील मुलांना आज ते लावले जाते, आणि त्यासाठी कोणत्याही राज्याची मान्यता लागत नाही.