दोन भागांमधला तर्क

रहस्यमालिकेचा प्रेक्षक शेवटाची वाट पाहत स्वस्थ बसत नाही. वीस-बावीस मिनिटांचा भाग संपला की हाती आलेल्या तुकड्यांवरून तो शेवट स्वतःच रचू लागतो: हे कोणी केले, कशासाठी केले, आणि ते कोणत्या प्रसंगात आपल्याला आधीच दाखवून झाले आहे. दुसऱ्या दिवशी नवा भाग येतो. रचलेल्यातले काही टिकते, काही ढासळते आणि मांडणी पुन्हा सुरू होते. मराठीत हा उद्योग सर्वांत जोमाने झाला तो झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेभोवती. फेब्रुवारी 2016 मध्ये ती रात्री साडेदहाच्या वेळेला सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी गावचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यानंतर एका छपराखाली अडकलेले कुटुंब आणि एकामागून एक घडणाऱ्या अनाकलनीय घटना, असा तिचा पसारा होता.

या मांडणीत तर्काला भरपूर खाद्य होते. वाड्यातल्या प्रत्येकाकडे काही लपवण्यासारखे होते आणि जमिनीचा वाद प्रत्येकाला हेतू पुरवत होता. त्यात पांडू. सगळीकडे वावरणारा, सगळे पाहणारा आणि नेमक्या क्षणी ‘इसरलंय’ म्हणणारा. साक्षीदार समोर आहे, पण साक्ष मिळत नाही, ही रचना रहस्यकथेच्या दृष्टीने फार चांगली आहे. पांडू खरोखर विसरतो की विसरल्याचे सोंग करतो, या एका प्रश्नावर प्रेक्षकांचे दोन पक्ष पडू शकत होते आणि दोन्ही पक्षांना पुरावा मिळत होता. प्रल्हाद कुडतरकर हे पांडूची भूमिका करत आणि मालिकेच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. हे कळल्यावर पांडूवरचा संशय आणखी गडद होणे स्वाभाविकच होते.

याहून मोठी फाळणी भूत मानणाऱ्यांची आणि न मानणाऱ्यांची. कथेतच नीलिमा ही शिकलेली, प्रत्येक घटनेमागे माणसाचा हात शोधणारी सून होती. तिच्या बाजूचे प्रेक्षक दोरी कोणी ओढली, दिवा कोणी विझवला, त्या वेळी कोण कुठे होते, याचा हिशेब ठेवत. दुसऱ्या बाजूचे प्रेक्षक शाप, जुने पाप आणि अतृप्त आत्मा यांची वंशावळ मांडत. भुताचा पक्ष आळशी होता, असे समजण्याचे कारण नाही. भूत कोणाचे, ते कोणावर रागावले आहे आणि कोणाला सोडून देते, याचे उत्तर देण्यासाठीही कुटुंबाचा सगळा इतिहास जुळवावा लागतो.

सुगावा म्हणून प्रेक्षकाच्या नजरेत काय भरते, हे तो कुठला आहे यावर बरेच ठरते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे मनमाडकडून येणाऱ्या लोहमार्गावर वाढलेले बाजारपेठेचे गाव आहे. कांद्याच्या नि कापसाच्या व्यवहारात दिवस घालवून रात्री साडेदहाला दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या तिथल्या प्रेक्षकाला आकेरीचा वाडा जवळजवळ परक्या मुलखातला वाटणार. देवाला घातलेले गाऱ्हाणे, लावलेला कौल, राखणदाराचा उल्लेख, घराला वेढून असलेली दाट झाडी, पावसाची संततधार, हे सारे त्याला गूढाचे पुरावे वाटतात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या प्रेक्षकाला गाऱ्हाण्यात गूढ काहीच नाही; ती रोजची रीत आहे. त्याचे लक्ष अशा वेळी गाऱ्हाणे घालताना कोण गैरहजर होते, याकडे जाते. एकाच प्रसंगातून दोन मुलखांत दोन वेगळे तर्क निघतात, ते यामुळे. मालिका सुरू झाल्यावर कोकणातून तिला विरोधही झाला. मालवणी माणूस अंधश्रद्धाळू रंगवला जातो, हा त्यामागचा आक्षेप होता. राज्याच्या दुसऱ्या टोकाला ही रीतच भीतीची खूण म्हणून पाहिली जात होती, हे लक्षात घेतले तर त्या आक्षेपात तथ्य होते, हे मान्य करावे लागते.

ग्रामीण महाराष्ट्रात तर्काला आणखी एक वळण विजेने दिले. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’ ही पुनर्जन्मावरची रहस्यमालिका 2007 मध्ये सुरू झाली, तेव्हा खेड्यापाड्यांत भारनियमनाचा कहर होता. भाग हुकला की तो शेजारच्या आळीत किंवा दुसऱ्या दिवशी बाजारात कोणाकडून तरी ऐकावा लागे. ऐकलेला भाग म्हणजे सांगणाऱ्याच्या तर्कातून गाळून आलेला भाग. ज्याला मालिकेतल्या सुलेखा या पात्राचा संशय आहे, तो सुलेखाची प्रत्येक नजर वर्णन करून सांगतो आणि इतरांचे प्रसंग दोन वाक्यांत उरकतो. प्रेक्षक म्हणून हे नुकसान खरे. पण अशा सांगण्या-ऐकण्यातूनच रहस्य एका घराचे न राहता गावाचे होई. मोबाइलवर हवा तेव्हा भाग पाहता येऊ लागल्यावर ही सक्तीची देवघेव ओसरली.

‘असंभव’मध्ये प्रेक्षकाला एक वेगळी कसरतही करावी लागली. शुभ्राच्या भूमिकेत आधी मानसी साळवी होत्या, नंतर उर्मिला कानेटकर आल्या. एकच माणूस दोन जन्मांत वावरतो, ही जिथे कथेची मूळ कल्पना, तिथे चेहरा बदलणे हा कथेचा संकेत आहे की निर्मितीतली अडचण, हे प्रेक्षकाला ठरवावे लागते. मुरलेला रहस्यप्रेमी अशा दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या ठेवतो. अमुक कलाकार मालिका सोडणार ही बातमी, जाहिरातीत दाखवलेला पुढचा प्रसंग, कोणाचे नाव श्रेयनामावलीत कुठे येते, या गोष्टींवरून शेवट ओळखता येतो. पण तो कथेतून ओळखलेला नसतो. दैनिक मालिकेचे व्याकरणही तो शिकतो. भागाच्या शेवटच्या क्षणी बसलेला धक्का पुढच्या भागाच्या सुरुवातीला बहुधा विरून जातो: दारात उभी सावली घरातल्याच कोणाची तरी निघते. म्हणून खरा सुगावा भागाच्या मध्यावर, स्वयंपाकघरातल्या एखाद्या साध्या बोलण्यात शोधावा, हे त्याला कळलेले असते.

हप्त्याहप्त्याने येणाऱ्या गोष्टीवर तर्क लढवण्याची सवय मालिकांच्या पुष्कळ आधीची आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः येत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळापहाड यांना घरोघर पोहोचवले. मात्र त्यांचे पुस्तक एका बैठकीत संपे, त्यामुळे तर्काला मुदत थोडी मिळे. मुदत लांबली की काय होते, याचे टोकाचे उदाहरण इंग्रजीत आहे. चार्ल्स डिकन्स 1870 मध्ये वारले तेव्हा ‘एडविन ड्रूड’ या कादंबरीचे बारांपैकी सहाच हप्ते पुरे झाले होते. तेव्हापासून आजवर वाचक तिचा शेवट लावत आहेत.

तर्क लढवणाऱ्याला लेखकाकडून काय हक्काने मिळाले पाहिजे, याचा विचार रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये दहा नियमांत केला. शोधकाला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तत्काळ दिसला पाहिजे आणि उकलीत अतिमानवी शक्ती नको, हे त्यातले दोन. दुसरा नियम ‘रात्रीस खेळ चाले’सारख्या मालिकेला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही; भूत आहे की नाही, हेच तिचे रहस्य आहे. पहिला मात्र तिलाही बांधील करतो. प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर मालिका लांबते, तेव्हा नवे संशयित घुसवले जातात आणि आधी मोठ्या गाजावाजाने दाखवलेल्या वस्तू, चिठ्ठ्या, खोल्या तशाच मागे पडतात. महिनोन्‌महिने त्या वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या प्रेक्षकावर हा अन्याय आहे. उत्तर चुकल्याचे त्याला दुःख नसते. आपण जपून ठेवलेला पुरावा लेखकच विसरला, हे त्याला लागते.

उत्तर घाईने दिल्यानेही घात होतो. अमेरिकेत 1990 मध्ये ‘ट्विन पीक्स’ने लॉरा पामर हिचा खून कोणी केला, या प्रश्नाने सारा देश गुंतवला. वाहिनीच्या आग्रहाखातर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुनी उघड झाला. प्रेक्षक पांगले आणि पुढच्या वर्षी मालिका बंद पडली.

‘रात्रीस खेळ चाले’ने जानेवारी 2019 मध्ये दुसऱ्या पर्वात वेगळी वाट धरली. काळ मागे नेऊन जिवंत अण्णा दाखवले. आता अण्णा मरणार, हे ठाऊकच होते. ‘कोणी’ हा प्रश्न मागे पडून ‘कसे’ आणि ‘का’ पुढे आले. पहिल्या पर्वात बहुतांशी नावाने आणि भीतीने वावरणारी अण्णांची प्रेयसी शेवंता अपूर्वा नेमळेकर यांच्या रूपाने समोर उभी राहिली, तर माधव अभ्यंकरांचे अण्णा असे वठले की त्यांच्या क्रौर्याची चीड येऊनही प्रेक्षक त्यांच्यासाठी थांबू लागला. तर्काची दिशाही उलटली: पहिल्या पर्वातला कोणता प्रसंग आता उलगडतो आणि कोणता या नव्या भूतकाळात बसतच नाही, याचा पडताळा सुरू झाला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले आणि चोवीस तासांची मुदत काही महिन्यांची झाली. मार्च 2021 मध्ये तिसरे पर्व आले. त्यात पुढे शेवंताच्या भूमिकेत कृतिका तुळसकर आल्या आणि चेहऱ्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस दुसरे पर्व संपताच सुरू झालेल्या ‘देवमाणूस’ने तर कोण हा प्रश्नच ठेवला नाही. सातारा जिल्ह्यात वाई परिसरात 2016 मध्ये उघडकीस आलेल्या खुनांच्या प्रकरणावर ती बेतलेली होती आणि किरण गायकवाड यांनी रंगवलेला डॉक्टर खुनी आहे, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत होते. तरीही तर्क थांबले नाहीत. पुढचा बळी कोण, डॉक्टरच्या हातून कोणती चूक होईल, गावातले कोण आधी ओळखेल, यावर ते चालू राहिले. ज्यांनी वाईच्या बातम्या वाचल्या होत्या, ते मालिका त्या प्रकरणाला कुठवर धरून राहते आणि कुठे सोडते, हे भागागणिक ताडून पाहत होते.